कलम ७६११

अमेरिकेत काम करण्याच्या परवान्याचं कार्ड आपल्या पॅनकार्डाएवढं असतं. फोटो, बोटाचा ठसा, नाव, जन्माचा देश, आणि ‘कॅटेगरी’ या शब्दाखाली एक अक्षर नि दोन आकडे. लायबेरियातून आलेल्या हजारो माणसांच्या कार्डावर तिथे कधी ए-१२ असायचं, कधी ए-११. ए-१२ म्हणजे कायद्यानं दिलेलं तात्पुरतं संरक्षण. ए-११ म्हणजे राष्ट्राध्यक्षांनी स्वतःच्या अधिकारात तुमची हद्दपारी पुढे ढकलली आहे. त्याखाली कार्डाची मुदत संपण्याची तारीख. २००७ नंतर ही तारीख कधी सप्टेंबरअखेरची असे, पण जास्त वेळा मार्चअखेरचीच. मार्चअखेर म्हटल्यावर आपल्याला हिशेबाची पानं आठवतात. या लोकांसाठी मार्चअखेर म्हणजे या देशातला आपला शेवटचा दिवस असू शकेल, अशी तारीख.

रोड आयलंडचे सिनेटर जॅक रीड यांच्या कारकिर्दीबद्दल लिहायला बसलं की हे कार्ड आधी डोळ्यांपुढे येतं. रीड हे काही स्थलांतरितांचे नेते म्हणून प्रसिद्ध नाहीत. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून १९७१ साली बाहेर पडलेले, पॅराट्रूपर, पुढे हार्वर्डचे वकील. वडील शाळेत साफसफाई-देखभालीच्या कामाला होते. १९९१ मध्ये ते प्रतिनिधीगृहात गेले, १९९७ मध्ये सिनेटमध्ये. वर्तमानपत्रात नाव येतं ते संरक्षण खात्याच्या बातम्यांत. पण याच माणसानं १९९९ साली लायबेरियन लोकांना कायमच्या वास्तव्याचा हक्क देणारं विधेयक मांडलं, आणि ते कायदा होईपर्यंत वीस वर्षं त्याचा पाठपुरावा सोडला नाही.

एवढ्याशा रोड आयलंडला लायबेरियाचं काय पडलं होतं? राज्य क्षेत्रफळानं अमेरिकेत सगळ्यांत लहान, लोकसंख्या अकरा लाखांच्या आसपास. तरी प्रॉव्हिडन्स आणि पॉटकेटमध्ये लायबेरियन वस्ती दाट, लोकसंख्येच्या मानानं देशात सर्वांत मोठ्यांपैकी. इतक्या छोट्या राज्यात सिनेटरला मतदार चर्चमध्ये भेटतात, दुकानात भेटतात, टाळता येत नाहीत. पण या नात्याला जुना आणि कडू इतिहासही आहे. अठराव्या शतकात न्यूपोर्ट आणि ब्रिस्टलच्या भट्ट्यांत मळीपासून रम काढायची, ती पिंपांत भरून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याला न्यायची, तिथं तिच्या बदल्यात माणसं विकत घ्यायची, हा या राज्याचा धंदा होता. अमेरिकन जहाजांनी गुलामव्यापाराच्या ज्या फेऱ्या केल्या त्यांतल्या निम्म्याहून अधिक इथून निघाल्या. ब्रिस्टलचा जेम्स डीवुल्फ या व्यापारात गबर झाला आणि १८२१ ते १८२५ याच राज्याचा सिनेटर होता. १८२६ च्या जानेवारीत न्यूपोर्टचा एक वृद्ध माणूस बॉस्टनहून जहाजात बसून उलट दिशेनं निघाला. मालकानं ठेवलेलं नाव न्यूपोर्ट गार्डनर, स्वतःचं नाव ऑक्रामार मारिकू. लहानपणी आफ्रिकेतून आणलेला, संगीत शिकवणारा, लॉटरीच्या पैशातून स्वातंत्र्य विकत घेतलेला. निघाला लायबेरियाला, आणि तिथं पोचल्यावर त्याच वर्षी वारला. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत वसवायचं म्हणून अमेरिकन वसाहत संस्थेनं १८२२ पासून जी वस्ती उभी केली, तीच १८४७ साली लायबेरिया नावाचा स्वतंत्र देश झाली. राजधानीचं नाव मन्रोव्हिया, राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो यांच्यावरून. तेव्हा १९९० नंतर मन्रोव्हियाहून प्रॉव्हिडन्सला येणारी माणसं ‘परक्या देशात’ येत होती असं म्हणताना जीभ जरा अडखळते.

२४ डिसेंबर १९८९ रोजी बंडखोर नेता चार्ल्स टेलरची माणसं शेजारच्या आयव्हरी कोस्टमधून निंबा परगण्यात घुसली आणि यादवी पेटली. मधला थोडा काळ सोडला तर ती २००३ पर्यंत चालली. अमेरिकेनं १९९० साली ‘तात्पुरतं संरक्षित वास्तव्य’ नावाची तरतूद नुकतीच कायद्यात आणली होती. मार्च १९९१ मध्ये लायबेरियाचा तिच्यात समावेश झाला. युद्ध, नैसर्गिक आपत्ती किंवा तशीच असाधारण पण तात्पुरती परिस्थिती असेल तर त्या देशाच्या, आधीच अमेरिकेत असलेल्या लोकांना सहा, बारा किंवा अठरा महिने परत पाठवायचं नाही, काम करू द्यायचं. मुदत संपत आली की सरकार परिस्थितीचा आढावा घेतं आणि वाढवतं किंवा थांबवतं. कागदावर शहाणपणाची तरतूद आहे. गोम अशी की त्यातून पुढे जाणारा रस्ताच नाही. या संरक्षणात घालवलेली वर्षं ग्रीन कार्डाच्या दिशेनं मोजली जात नाहीत. दहा वर्षं राहा, वीस वर्षं राहा, तुम्ही पहिल्याच पायरीवर.

आपल्याकडे भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार असतो ना, तसंच. दर वर्षी नूतनीकरण होतं, घरमालकही बरा असतो, पण भिंतीत खिळा ठोकताना हात थांबतो. फरक एवढाच की इथं मुलं त्याच घरात जन्मलेली असतात, आणि ती जन्मानं अमेरिकन नागरिक. आईवडिलांसाठी अर्ज करायला मात्र ती एकवीस वर्षांची व्हावी लागतात.

सप्टेंबर १९९९ मध्ये लायबेरियाचं हे संरक्षण संपलं, आणि क्लिंटन यांनी हद्दपारी पुढे ढकलण्याचा राष्ट्राध्यक्षीय आदेश काढला. २००२ मध्ये बुश यांच्या काळात संरक्षण पुन्हा मिळालं, ऑक्टोबर २००७ मध्ये पुन्हा संपलं. या वेळचं कारण असं की लायबेरिया सुधारतोय. आणि तो सुधारत होताच. एलन जॉन्सन सरलीफ राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्या होत्या, संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना होती. २००७ च्या जानेवारीत तिच्यात भारताच्या महिला पोलिसांची तुकडी मन्रोव्हियात दाखल झाली, जगातली अशी पहिलीच. तिकडची बरी बातमी इकडे वाईट बातमी होऊन पोचायची. मग पुन्हा राष्ट्राध्यक्षांचा आदेश. त्यात फक्त तेच बसत होते जे १ ऑक्टोबर २००२ पासून अमेरिकेत सलग राहत होते आणि ज्यांच्याकडे आधीचं संरक्षण होतं.

राष्ट्राध्यक्षीय आदेशाला संसदेची मंजुरी लागत नाही. ही त्याची सोय आणि हाच त्याचा धोका. एका कागदानं आलेलं दुसऱ्या कागदानं जातं. शिवाय तो कागद येतो कधी? २००९ साली ओबामांचा आदेश २० मार्चला आला, मुदत ३१ मार्चला संपणार होती. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी २७ मार्चला जाहीर केलं की आता हे बंद, आवराआवर करायला बारा महिने. २०१९ मध्ये २८ मार्चला, म्हणजे तीन दिवस आधी, आणखी एक वर्ष. आदेश आला की काम-परवान्याची मुदत आपोआप काही महिने वाढल्याची सूचना सरकारी राजपत्रात छापून येते. पण खिशातल्या कार्डावर जुनीच तारीख असते. वृद्धाश्रमात रात्रपाळी करणाऱ्या साहाय्यिकेला कार्डासोबत त्या सूचनेची छापील प्रत घडी करून ठेवावी लागते, आणि कर्मचारी विभागातला माणूस तारीख बघून ‘हे तर संपलंय’ म्हणाला की ती उलगडून दाखवावी लागते. काही मालक मानतात, काही नवं कार्ड येईपर्यंत घरी बसा म्हणतात. वाहन परवान्याची मुदतही याच तारखेला बांधलेली, म्हणजे नोकरी टिकली तरी तिथं गाडी नेणं अडतं.

अशा लोकांची बाजू मांडणाऱ्या सिनेटरचं काम दोन हातांनी चालतं, आणि हे दोन हात एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. एका हातानं दर खेपेला मुदतवाढ मागायची: व्हाइट हाउसला पत्र, मिनेसोटाच्या सिनेटरांच्या सह्या (तिथंही लायबेरियन वस्ती आहे), पाद्र्यांचं शिष्टमंडळ, फोन. दुसऱ्या हातानं कायद्याचं विधेयक पुढे रेटायचं. पण मुदतवाढ मिळाली की विधेयकाची निकड ओसरते. ‘त्यांचं काय, भागतंय ना सध्या?’ आणि मुदतवाढ मागितलीच नाही तर माणसं विमानात बसवली जातील. हा पेच रीड यांनी कधी सोडवला असं मला वाटत नाही. त्यांनी दोन्ही हात चालू ठेवले, एवढंच. याला कुणी धोरण म्हणणार नाही. पण वीस वर्षं संरक्षण तुटू न देता कायद्यापर्यंत पोचायचं, तर याहून हुशारीचं दुसरं काही सुचतही नाही.

विधेयकाचा नमुना तयार होता. १९९७ मध्ये निकाराग्वा आणि क्युबाच्या लोकांसाठी, १९९८ मध्ये हैतीच्या लोकांसाठी असे कायदे झाले होते. हैतीचं नाव काढून लायबेरियाचं घातलं तर शीर्षक जवळजवळ तेच. १९९९ मध्ये वाटलं असेल की एकदोन वर्षांत होईल. अमेरिकी काँग्रेसची (म्हणजे तिथल्या संसदेची) मुदत दोन वर्षांची. ती संपली की अडकलेली सगळी विधेयकं आपोआप मरतात आणि नव्यानं मांडावी लागतात. १९९९ मध्ये १०६ वी काँग्रेस होती, २०१९ मध्ये ११६ वी. मध्ये ११ सप्टेंबरचा हल्ला झाला, स्थलांतर हा शब्दच तापला, सर्वंकष सुधारणांची मोठमोठी विधेयकं आली नि पडली. लहान विधेयकाला सांगितलं जायचं की थांबा, मोठं येतंय, त्यातच घेऊ. मोठ्या वरातीची वाट पाहत लहान नवरा उभाच.

आणखी एक खुट्टी कायद्यातच मारलेली होती. तात्पुरत्या संरक्षणाची तरतूद करणाऱ्या त्याच १९९० च्या कायद्यात म्हटलं आहे की हे संरक्षण घेणाऱ्यांना कायम वास्तव्य देणारं विधेयक सिनेटला विचारात घेता येणार नाही; घ्यायचं तर तीन-पंचमांश सदस्यांनी, म्हणजे शंभरपैकी साठांनी, तो नियम बाजूला ठेवायला हवा. तात्पुरतं ते तात्पुरतंच राहावं म्हणून आधीच लावून ठेवलेलं कुलूप. सिनेटमध्ये एरवीही वादग्रस्त विधेयकाला साठ मतं लागतातच, पण इथं ती अट अक्षरशः लिहिलेली आहे.

साठांच्या वर मतं हमखास पडतील असं विधेयक कोणतं? संरक्षण खात्याचं वार्षिक. १९६१ पासून ते दर वर्षी मंजूर होत आलंय. त्याला पाडणं म्हणजे सैनिकांच्या पगारवाढीविरुद्ध मत देणं, तेव्हा कुणी धजावत नाही. आणि सिनेटच्या सशस्त्र दल समितीत २०१५ पासून डेमोक्रॅट पक्षाचे सर्वांत ज्येष्ठ सदस्य होते जॅक रीड. आधी लष्कर आणि लायबेरिया ही त्यांच्या कारकिर्दीतली दोन वेगळी टोकं वाटत होती. ती इथं येऊन मिळतात. समितीचा ज्येष्ठ सदस्य अंतिम मसुदा ठरवणाऱ्या चौघांत असतो. शेवटच्या रात्री काय आत राहतं, काय बाहेर पडतं, हे त्या टेबलावर ठरतं.

२०२० च्या वर्षासाठीचा तो कायदा ७३८ अब्ज डॉलरचा. त्यानं अमेरिकेचं अंतराळ दल उभं केलं, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना बारा आठवड्यांची पगारी पालकत्व रजा दिली. आणि शेकडो कलमांच्या त्या ढिगात कलम ७६११: लायबेरियन निर्वासित स्थलांतर न्याय कायदा. सिनेटमध्ये ८६ विरुद्ध ८ मतांनी मंजूर झाला, आणि २० डिसेंबर २०१९ रोजी त्यावर सही झाली ती ट्रम्प यांची. ज्यांनी जवळजवळ एकवीस महिन्यांपूर्वी आवराआवर करायला सांगितलं होतं, त्यांचीच. सहीचा समारंभ लष्करी विमानतळावर झाला आणि बातम्या अंतराळ दलाच्याच आल्या. खरं तर या कलमाचं श्रेय एकट्या सिनेटरचं नव्हेच. मिनिॲपोलिसजवळचं ब्रुकलिन पार्क, स्टॅटन आयलंडचं पार्क हिल, फिलाडेल्फियाचा नैऋत्य भाग, इथल्या चर्चमधून दर वर्षी बसगाड्या भरून वॉशिंग्टनला येणाऱ्या माणसांशिवाय रीड यांच्या पत्रांना वजन आलं नसतं. पण टेबलावर बसायची जागा त्यांची होती, आणि त्यांनी ती या कामासाठी खर्च केली.

कायदा झाला म्हणजे काम झालं असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी अर्ज भरलेला नसतो.

अट साधी: लायबेरियाचे नागरिक असणं, आणि २० नोव्हेंबर २०१४ पासून अर्जाच्या दिवसापर्यंत अमेरिकेत सलग असणं. एकूण १८० दिवसांपर्यंतची अनुपस्थिती चालत होती. ही तारीख हवेतून आली नाही. इबोलाच्या साथीमुळे २०१४ मध्ये जे नवं तात्पुरतं संरक्षण दिलं गेलं त्याची वास्तव्याची तारीख तीच होती. त्यामुळे जुन्या आदेशात बसणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त लोक पात्र झाले. पत्नी, पती, अविवाहित मुलंही. गंभीर गुन्हा असेल किंवा दुसऱ्यांच्या छळात भाग घेतला असेल तर दार बंद.

अर्जाचा नमुना आय-४८५. त्या वेळची फी १,१४० डॉलर, वर बोटांच्या ठशांचे ८५. एकूण माणशी १,२२५. नवराबायको नि दोन मोठी मुलं म्हटल्यावर पाच हजारांजवळ. फी माफीसाठी वेगळा अर्ज, आय-९१२, त्याला उत्पन्नाचे वेगळे पुरावे. वैद्यकीय तपासणी सरकारनं नेमलेल्या डॉक्टरकडूनच. त्याची सही तेव्हाच्या नियमानं अर्जाच्या आधीच्या साठ दिवसांच्या आतली हवी, आणि लिफाफा डॉक्टरनं बंद करून दिलेला. ‘आत काय लिहिलंय बघू’ म्हणून घरी उघडला की तपासणी बाद. अटक झाली असेल, खटला रद्द झाला असेल, तरी न्यायालयाची प्रमाणित प्रत जोडायची. ‘सुटलो होतो’ हे तोंडी चालत नाही. लायबेरियाची राजभाषा इंग्रजी, त्यामुळे भाषांतराची कटकट तेवढी नव्हती.

खरी अडचण दोन ठिकाणी. पहिली, नागरिकत्वाचा पुरावा. युद्धात नोंदणी कार्यालयं गेली; जन्मदाखला नंतर काढलेला, त्यावरचं नावाचं स्पेलिंग वेगळं. (आधारवर एक, दहावीच्या सर्टिफिकेटवर दुसरं, हे दुखणं आपल्याला समजावून सांगायला नको.) पासपोर्ट होता, पण मुदत संपलेला. मुदत संपलेला पासपोर्टही नागरिकत्व दाखवायला चालतो हे कार्यालयाकडून स्वच्छ शब्दांत यायला वेळ गेला, आणि तोवर नव्या पासपोर्टसाठी लोक दूतावासाच्या मागे लागले होते. दुसरी अडचण, सलग वास्तव्य. पगाराच्या स्लिपा, कराचे कागद, भाड्याच्या पावत्या, मुलांच्या शाळेची पत्रं, दवाखान्याची बिलं. माणसं २०१४ चे आणि २०१९ चे गठ्ठे आणतात, आणि मधल्या २०१६ मध्ये भोक. प्रत्येक दिवसाचा पुरावा लागत नाही, पण मोठी फट राहिली की खुलाशाचं पत्र येतं. उत्तराला जास्तीत जास्त ८४ दिवस. घर बदललं नि दहा दिवसांत पत्ता कळवला नाही, तर ते पत्र जुन्या पत्त्यावर जातं, आणि अर्ज न बघताच फेटाळला जातो. यावर उपाय फार साधा आहे: २०१४ पासूनचे महिने कागदावर उभे लिहायचे, प्रत्येकासमोर हातातला पुरावा लिहायचा, नि रिकाम्या ओळी आधी भरायच्या.

अडलेल्या अर्जांसाठी सिनेटरच्या कार्यालयात वेगळी माणसं असतात. त्यांचं काम फारसं दिसत नाही. अर्जदारानं आधी गोपनीयतेच्या कायद्याप्रमाणे सही केलेलं संमतीपत्र द्यायचं, त्याशिवाय स्थलांतर खातं सिनेटरलाही काही सांगत नाही. मग तेरा अक्षरी पावती क्रमांक, तीन अक्षरं नि दहा आकडे. एक आकडा चुकला तर दुसऱ्याचीच फाइल. सिनेटर ‘मंजूर करा’ असं सांगू शकत नाही. ‘हे कुठे अडलंय’ एवढंच विचारू शकतो. बऱ्याचदा तेवढ्यानं फाइल हलते.

त्यात साल २०२०. खात्याच्या सविस्तर सूचना यायला एप्रिल उजाडला. मार्चच्या १८ तारखेपासून जून ४ पर्यंत खात्याची कार्यालयं लोकांसाठी बंद. वकिलांची मोफत शिबिरं चर्चच्या तळघरात भरायची, ती थांबली. आणि ज्यांनी अर्ज करायचा ती माणसं वृद्धाश्रमांत आणि इस्पितळांत, साथीच्या ऐन तोंडावर, जादा पाळ्या करत होती. कायद्यानं मुदत दिली होती एकच वर्ष: २० डिसेंबर २०२० पर्यंत. अर्ज अपेक्षेपेक्षा फारच कमी आले.

एच-वन-बीवर गेलेल्या मराठी घरांत ग्रीन कार्डाच्या रांगेची वर्षं मोजली जातात. त्यांना या कायद्यातली एक गोष्ट चटकन लक्षात येईल. अर्ज मंजूर झाला की कायम वास्तव्याची तारीख मंजुरीच्या दिवसाची धरत नाहीत, अमेरिकेत आल्याच्या तारखेपर्यंत मागे नेतात. नागरिकत्वासाठी लागणारी पाच वर्षं त्यामुळे बहुतेकांची आधीच भरलेली. कार्ड हातात पडलं की दुसऱ्याच दिवशी नागरिकत्वाचा अर्ज टाकता येतो. वाया गेलेली वर्षं कुणीतरी मसुदा लिहिताना लक्षात ठेवली होती.

पण अर्जच इतके कमी आले म्हणून रीड यांना २०२० च्या शेवटी पुन्हा तेच करावं लागलं जे ते वीस वर्षं करत आले होते. दरसालच्या मुदतवाढीतून सुटका करणाऱ्या कायद्यासाठी मुदतवाढ. ती या वेळी अर्थसंकल्पाच्या विधेयकात बसवली गेली आणि २७ डिसेंबरला सही झाली, म्हणजे मुदत संपल्यावर सात दिवसांनी. नवी तारीख ठरली २० डिसेंबर २०२१. पाकीट त्या तारखेला टपालात टाकून चालत नव्हतं. पोचायला हवं होतं, फी आणि सहीसकट.